आलिशान मोटारीचा आराखडा मागच्या सीटपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनविषयक पुरवण्यांमध्ये आलिशान कन्सेप्ट सेडानची, म्हणजे विक्रीआधी कल्पना दाखवायला केलेल्या नमुन्याच्या गाडीची, छायाचित्रे छापून येतात, तेव्हा त्यांत बावीस इंची चाके, डोक्यावर अखंड काचेचे छत आणि दारापासून दारापर्यंत पसरलेला स्क्रीन हटकून असतो. शेजारच्या मजकुरात शब्द असतो ‘आराम’. मोटारींच्या सीट, अंतर्भाग आणि सस्पेन्शन यांचे आराखडे करणे हेच आमचे काम आहे. त्या आधारावर ठामपणे सांगतो की यांतल्या एकाही गोष्टीने आराम वाढत नाही. पहिल्या दोन तर तो सरळ कमी करतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळ मागे डाव्या बाजूला बसलेला असतो. सकाळी घोडबंदर रोडवरून किंवा ऐरोलीच्या पुलावरून मुंबईत, संध्याकाळी त्याच गर्दीतून परत. आराखड्याची पहिली रेघ त्या जागेवरून निघाली पाहिजे, बाहेरचा आकार त्यानंतर.

कन्सेप्ट गाडी ही नुसती शोभेची वस्तू, तिच्याकडे एवढे काय बघायचे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १९३८ साली जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी ब्युइक वाय-जॉब तयार केली. कन्सेप्ट गाड्यांची परंपरा तिच्यापासून मोजतात. अर्ल ती गाडी स्वतः वर्षानुवर्षे रस्त्यावर वापरत होते. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर पोर्शेने २०१५ मध्ये मांडलेली मिशन ई ही २०१९ मध्ये टायकान म्हणून विक्रीला आली. आपल्याकडे टाटा मोटर्सने २०१८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ईव्हिजन ही विजेवरची सेडान ठेवली होती. कन्सेप्टच्या टप्प्यावर छताची उंची, चाकाचा व्यास आणि दोन चाकांमधले अंतर ठरते. ते चित्र एकदा लोकांच्या डोळ्यांत बसले की पुढे छत तीस मिलिमीटर वर घ्यायला किंवा चाक दोन इंचांनी लहान करायला कोणी राजी होत नाही. आरामाचे नुकसान तिथेच होऊन जाते, आणि पुढे सीटवर कितीही खर्च केला तरी ते भरून येत नाही.

म्हणून स्केचच्याही आधी प्लायवूडचा सांगाडा उभा करावा. अठरा मिलिमीटरचा प्लाय, खाली गाडीच्या तळाची पाटी, त्यावर पुढेमागे आणि वरखाली सरकणारी सीट, पाय टेकायला तिरकी फळी, दाराची चौकट आणि छताची रेषा दाखवणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एखाद्या सुतारी शेडमध्ये आठवड्याभरात होणारे काम आहे. त्यात सगळी मापे एका बिंदूपासून घेतात: बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा जिथे येतो तो बिंदू. आम्ही त्याला एच-पॉइंट म्हणतो. सेडानमध्ये तो जमिनीपासून ५०० ते ५५० मिलिमीटरवर हवा. ४८० च्या खाली गेला की गुडघे धरलेल्या माणसाला बाहेर पडताना दाराच्या चौकटीला लटकावे लागते. खुब्यापासून वर, आठ अंश मागे कललेल्या रेषेवर छतापर्यंतचे अंतर मोजून त्यात १०२ मिलिमीटर मिळवतात, ती डोक्यावरची जागा. ती ९४० च्या खाली गेली तर उंच माणूस मान पुढे काढून बसतो. मागे उतरत्या छताच्या देखण्या कन्सेप्ट गाड्या नेमक्या इथेच अडकतात.

सांगाड्यात बसवायला माणसेही नेमकी निवडावीत. १५० सेंटिमीटर उंचीची स्त्री, १८५ सेंटिमीटरचा पुरुष आणि सत्तरी ओलांडलेली एक व्यक्ती. यांतले एक जण तरी साडीत असावे. साडीत पाय किती उचलता येतो यावर दाराच्या उंबरठ्याची उंची आणि रुंदी ठरते, आणि विजेच्या गाडीत हा उंबरठा रुंद होतो, कारण बाजूच्या धडकेपासून बॅटरी वाचवणारी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची पेटी त्यातच असते. प्रत्येकाला दोन तास बसवावे आणि बसण्याची ठेवण पहिल्यांदा कितव्या मिनिटाला बदलली ते लिहून ठेवावे. पाच मिनिटे बसून ‘छान आहे’ म्हणणाऱ्याच्या मताला आमच्या लेखी काही किंमत नाही. पहिल्या पाच मिनिटांत छान वाटते ती मऊ गादी, आणि दोन तासांनी कंबर धरते ती बहुधा तीच.

याचे कारण फोममध्ये आहे. बसल्यावर शरीराचा भार बसण्याच्या दोन हाडांवर एकवटतो. फोम फार मऊ किंवा पातळ असेल तर ती हाडे त्याला पार दाबून खालच्या पत्र्यापर्यंत पोहोचतात. मग माणूस फोमवर नसतो, पत्र्यावर असतो. चांगल्या मागच्या सीटला साच्यातून काढलेला पॉलियुरेथेन फोम घनमीटरला ५५ ते ६० किलो घनतेचा, हाडांखाली ९० ते १०० मिलिमीटर जाड, आणि त्यावर १५-२० मिलिमीटरचा मऊ थर असा असावा. कडेच्या उंचवट्यांना अधिक कडक फोम लागतो. मेमरी फोमचा मोह टाळलेला बरा. तो उन्हात ढिला पडतो, एसीत घट्ट होतो, आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो. फोम तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे तुकडा निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सियसला २२ तास ठेवायचा आणि सोडल्यावर किती जाडी परत आली नाही ते मोजायचे. कोकणपट्टीसाठी दुसरी चाचणी अधिक महत्त्वाची: ५० अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता. कोरड्या चाचणीत उत्तम ठरलेला फोम दमट हवेत लवकर बसतो आणि मालकाच्या नेहमीच्या जागी खड्डा पडतो.

हिऱ्याच्या आकाराच्या चौकड्यांची शिवण सध्या आलिशानपणाची खूण झाली आहे. प्रत्येक टाक्याशी फोम खाली ओढला जातो आणि तिथे एक कडक रेघ तयार होते. ती रेघ हाडाखाली किंवा कंबरेच्या खोलगट भागात आली तर तासाभरात टोचू लागते. हवा खेळवणाऱ्या सीटमध्ये तर या शिवणीमुळे आतले जाळीदार कापड दाबले जाते आणि हवेची वाट बंद होते. चौकड्या हव्याच असतील तर त्या खांद्याजवळ आणि कडेला घ्याव्यात. बसण्याचा मधला भाग साधा, भोके पाडलेला ठेवावा.

विजेच्या सेडानमध्ये आणखी एक अडचण येते. तळाखालची बॅटरी ११० ते १५० मिलिमीटर जाड असते. तेवढा गाडीचा तळ वर येतो, पण छत वर घ्यायचे नसते. मग सीट तिथेच राहते आणि टाचा वर येतात. गुडघे उंचावतात, मांड्या गादीवरून सुटतात आणि सगळा भार पुन्हा त्या दोन हाडांवर येतो. टाच आणि खुबा यांतले उभे अंतर ३०० मिलिमीटरच्या आसपास हवे; २७० च्या खाली गेले की पाटावर बसल्यासारखे वाटते. यावर पोर्शेने टायकानमध्ये केलेला उपाय शिकण्यासारखा आहे: मागच्या प्रवाशाच्या पायांखाली बॅटरीतले सेल काढून घेतले आणि तिथे पाय ठेवायला खोलगट जागा केली. थोडी क्षमता गेली, पण बसणे माणसासारखे झाले. दुसरा मार्ग म्हणजे चाकांमधले अंतर वाढवून बॅटरी पातळ पसरायची.

सीट मागे कलवून जवळजवळ पलंग करणे हा कन्सेप्ट गाड्यांचा आवडता खेळ. त्यात जिवाचा धोका आहे. पाठ फार मागे कललेली असताना धडक बसली तर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते, आणि कंबरेच्या हाडावरचा पट्टा निसटून पोटात रुततो. मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये मागची सीट ४३.५ अंशांपर्यंत कलवायची सोय दिली, तेव्हा बसण्याच्या गादीच्या पुढच्या भागात एअरबॅग घातली, जी धडकेच्या क्षणी मांड्या उचलून धरते. ही व्यवस्था आराखड्यात दाखवलेली नसेल तर ती सीट फक्त उभ्या गाडीसाठी आहे असे समजावे.

आता रस्त्याकडे वळू, कारण आपल्या भागात आरामाचा निर्णय तिथेच होतो. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे सर्वांत जास्त त्रास देतात. पोट, कणा आणि खांदे त्याच लयीत हलू लागतात. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ७० किलोमीटरने गेले तर सेकंदाला ४.३ सांधे चाकाखालून जातात. म्हणजे नेमके त्या त्रासदायक पट्ट्यात. वेग कमी करून ५५-६० वर आणला तर ३.५ च्या आसपास, आणि माणूस बसलेली सीट स्वतःच साधारण त्याच लयीत डोलते, त्यामुळे हादरा सीटमध्ये वाढून अंगात येतो. पेव्हर ब्लॉकने बुजवलेल्या खड्ड्यांचे तंत्र वेगळे: वीस सेंटिमीटरचा एक ब्लॉक धरला तर ताशी ४० ला सेकंदाला ५५ ठोके. ते कंबरेत जाणवत नाहीत. तळपायांत झिणझिण्या आणि दाराच्या पॅनेलमध्ये कुरकुर होऊन येतात. एकाच गाडीला हे दोन्ही सोसायचे आहे, आणि नुसती मऊ स्प्रिंग यांतल्या एकावरच उपाय आहे.

आलिशान गाडीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला सुमारे एकदा हेलकावे, असा हिशोब धरतात. त्यासाठी गाडीच्या वजनाने स्प्रिंग जवळजवळ २५० मिलिमीटर दबलेली असावी लागते. हेच दीड हेलकाव्यांवर नेले तर ११० मिलिमीटर पुरतात. बसक्या छताच्या, जमिनीलगतच्या कन्सेप्ट गाडीत चाकाला वर जायला जागाच ठेवलेली नसते, म्हणून ती कडक करावी लागते. मडगार्डच्या आत चाकाला वर सरकायला किमान ९० ते १०० मिलिमीटर मोकळे असावेत, हे पहिल्याच चित्रात ठरले पाहिजे. आणखी एक जुना, फार उपयोगी नियम आहे. १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली यांनी दाखवून दिले की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा जरा वेगाने हेलकावणारी ठेवली तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडीचे पुढेमागे डुलणे लवकर विरते. मागच्या प्रवाशाला उलटीची भावना होते ती या डुलण्यामुळे. मागची सीट मागच्या आसाच्या डोक्यावर न येता त्याच्या बरीच पुढे यावी. लांब व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या जास्त अंतराचा, खरा फायदा हा आहे, पाय पसरण्याची जागा दुय्यम.

सिट्रोएनने १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस मांडली. तिच्यात स्प्रिंगच्या जागी वायू आणि तेल होते, आणि माणसे बसली तरी गाडीची उंची तीच राहत असे. आजचे एअर सस्पेन्शन तेच काम करते. आपल्या हवामानात त्याचा कच्चा दुवा रबरी फुग्यापेक्षा कॉम्प्रेसरच्या ड्रायरमध्ये असतो. बाहेरची दमट हवा आत खेचली जाते, ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे भरतात, मग पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली सापडते. मोठा आणि सहज बदलता येणारा ड्रायर, तोही चाकाच्या चिखलापासून दूर. कन्सेप्टच्या चित्रात हे दिसत नाही, पण जागा मात्र तेव्हाच राखावी लागते.

चाकांचा हिशोब तर कोणीही करू शकेल. टायरवरच्या मापात पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ती, आणि शेवटचा रिमचे इंच. २४५/५० आर १८ मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ७०२ मिलिमीटर आणि रबराची भिंत १२२ मिलिमीटर. २६५/३० आर २२ चा व्यास ७१८, म्हणजे जवळपास तेवढाच, पण भिंत अवघी ८० मिलिमीटर. ४२ मिलिमीटर हवा आणि रबर काढून तिथे धातू भरला. खड्ड्याच्या धारदार कडेवर हीच भिंत दबून हादरा गिळते. ती पुरली नाही की टायर रिम आणि कडेच्या मध्ये चिमटला जातो, भिंतीवर फुगवटा येतो किंवा रिमला तडा जातो. शिवाय मोठे चाक जड असते, आणि स्प्रिंगखालचे वजन वाढले की त्याचे आपटणे वर जाणवते. शोरूमच्या काचेमागे बावीस इंच शोभतात. पावसाळ्यातल्या शीळफाट्यासाठी अठरा, फार तर एकोणीस इंचांच्या पुढे जाऊ नये. डोळ्याला मोठे चाक हवे असेल तर रिमचा रंग टायरच्या कडेपर्यंत नेणे, बॉडीची रेषा खाली घेणे अशा युक्त्या चित्रकाराला येतात.

गतिरोधकाचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. ३.२ मीटर व्हीलबेसच्या गाडीची चारही चाके त्यावर असताना मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा ७५ मिलिमीटर वर येतो, २.८ मीटरच्या गाडीला ५८. एवढे कोणतीही गाडी सहन करील. पण सोसायट्यांच्या गेटसमोर आणि गल्ल्यांत असतो तो मीटरभर रुंदीचा, पंधरा सेंटिमीटरचा उभट ढिगारा. तो दोन्ही आसांच्या मध्ये आला की पूर्ण १५० मिलिमीटर मोकळीक लागते, आणि विजेच्या गाडीत तिथे बॅटरीचे पोट असते. माणसे बसलेली असताना १६० मिलिमीटरपेक्षा कमी उंची ठेवलेली सेडान इथे आरामाची असूच शकत नाही, कारण तिचा मालक प्रत्येक गतिरोधकावर श्वास रोखून बसेल.

काचेच्या छताबद्दल. दुपारच्या कडक उन्हात चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट उष्णता पडते. दीड चौरस मीटरचे छत आणि त्यातली वीस टक्के जरी आत आली तरी ३०० वॅट. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे तीन जादा माणसे कायम गाडीत, आणि तीही डोक्यावर बसलेली. बटण दाबल्यावर दुधी होणारी काच प्रकाश विखुरते, उष्णता फारशी अडवत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड परतवणारा थर वेगळा लागतो. उघडणाऱ्या छताच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. गुलमोहराची बारीक पाने आणि धूळ त्यांत अडकली की जुलैत छताच्या कापडावर डाग पडतात आणि पाणी खांबातून उतरून गालिच्याखाली साठते. कापडी छत, आत जाड लोकरी अस्तर आणि वाचायला एक चांगला दिवा, हे आमच्या मते अधिक श्रीमंत छत आहे.

टोयोटाची सेंच्युरी ही गाडी या बाबतीत अभ्यासावी. १९६७ पासून जपानमध्ये बनणाऱ्या या सेडानमध्ये लोकरीच्या कापडाच्या सीट असतात, मागच्या खिडक्यांना जाळीचे पडदे असतात. चामडे सरकताना कुरकुरते, उन्हात तापते आणि थंडीत गार पडते; लोकर यांतले काहीच करत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा अंगाला ओली न लागता धरू शकते. ठाण्याच्या दमट हवेत यापेक्षा मोठा गुण कोणता? आपल्याकडे पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या गाडीच्या चामड्यावर पांढरी बुरशी चढते, पांढऱ्या सीटवर जीन्सचा निळा रंग उतरतो, डोके टेकायच्या जागी तेलाचा डाग पडतो. डोक्यामागे धुता येणारे कापडी आवरण द्यावे. त्यात गावंढळपणा काही नाही. जपानी माणसाने ते पूर्ण शानदारपणे केले आहे.

एसीला येणारा कुबट वास हा कन्सेप्टमध्ये कोणी विचारातच न घेतलेला विषय. गाडी बंद केल्यावर कूलिंग कॉइल ओली राहते आणि त्यावर बुरशी वाढते. गाडी बंद झाल्यावर काही मिनिटे पंखा चालू ठेवून कॉइल वाळवणारी व्यवस्था आणि हात पोचेल अशा जागी पाणी काढणारी नळी, एवढ्याने वास बराच थांबतो. दुसरी गोष्ट, बाहेरचा धूर नको म्हणून आतलीच हवा फिरवत ठेवली तर चार माणसे तासाला सुमारे ८० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि केबिन असते तीन घनमीटरची. दहा-पंधरा मिनिटांत त्याचे प्रमाण दहा लाखांत २००० भागांच्या पुढे जाते. तीनहात नाक्यावर अडकलेल्या गाडीत येते ती पेंग पुष्कळदा याची असते. सेन्सर लावून दर थोड्या वेळाने गाळलेली बाहेरची हवा आपोआप आत घेणे, हा चैनीचा भाग मानावा. मोठ्या स्क्रीनहून तो स्वस्तही पडेल.

शांततेसाठी बाजूच्या खिडक्यांना दोन काचांमध्ये थर असलेली लॅमिनेटेड काच लावतात. हॉर्नचा आणि वाऱ्याचा आवाज तिने चांगला कमी होतो. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरच्या आतल्या हवेचा सेकंदाला २०० कंपनांच्या आसपासचा घुमणारा सूरही ऐकू येतो. टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवून तो दाबता येतो. पण लॅमिनेटेड काचेची एक बाजू प्रत्येक आराखडेकाराने लक्षात ठेवलीच पाहिजे. ती हातोडीने फुटून मोकळी होत नाही. पाण्यात अडकलेल्या गाडीत, तेही विजेवर उघडणाऱ्या, पत्र्यात लपलेल्या हँडलच्या दारांसह, हा प्राणांतिक धोका आहे. निदान एका बाजूची काच साधी टफन्ड, म्हणजे ठोकताच बारीक तुकडे होणारी, ठेवून तिच्यावर तशी खूण करावी, आणि मागच्या दोन्ही दारांना हाताने ओढून उघडणारी, अंधारात चाचपडून सापडणारी कडी असावी. सखल भागात पाणी भरणारी शहरे आहेत आपली. त्याच कारणाने सीटचे पंखे आणि कंट्रोल युनिट सीटखाली गालिच्यावर न ठेवता सीटच्या चौकटीत, गाडीच्या तळापासून निदान १५० मिलिमीटर वर बसवावेत. पाणी शिरले की सगळ्यात आधी तेच भिजतात.

स्क्रीनवर फार लिहीत नाही. छतातून उतरणारा स्क्रीन पुढचा रस्ता झाकतो, आणि डोळ्यांना स्थिर दिसत असताना शरीराला संथ हेलकावे जाणवले की मळमळ होते. पाच सेकंदांना एक अशा मंद हेलकाव्याला ती सर्वांत जास्त असते; गर्दीत थांबत-निघत जाणारी गाडी जवळपास तसेच झुलवते. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर गाडीला मागे खेचते, त्यामुळे हा झोका आणखी वाढतो. मागे माणूस बसलेला असताना ही ओढ सौम्य व्हावी आणि थांबण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक आपोआप सैल पडावा, एवढे सॉफ्टवेअर मनोरंजनाच्या सगळ्या सामग्रीपेक्षा मोलाचे आहे.

शेवटचा मुद्दा चालकाचा, आणि तो आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. मागच्या सीटला जागा देण्यासाठी पुढची सीट पुढे ढकलली जाते, आणि चालकाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. साहेब सभेत असताना हा माणूस तीन-चार तास गाडीतच बसतो. पार्किंगची चौकट साधारण अडीच बाय पाच मीटरची, त्यात १.९ मीटर रुंद गाडी लावली तर दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर उरतात. साहेब पोर्चमध्ये उतरलेले असतात, त्या फटीतून बाहेर पडायचे असते चालकाला. सव्वापाच मीटर लांबीची गाडी चौकटीबाहेर डोकावते, आणि गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या बऱ्याच स्टॅक पार्किंगची क्षमता दोन-अडीच टनांच्या आत असल्याने विजेची मोठी सेडान तिथे चढवताच येत नाही. मागची चाके दहा अंशांपर्यंत वळवली तर वळणाचे वर्तुळ दोन मीटरच्या आसपास कमी होते. इमारतीच्या पार्किंग मजल्यांवर चढणाऱ्या गोल रॅम्पवर त्याची किंमत कळते. चालकाच्या सीटलाही मागच्यासारखाच फोम, तशीच हवा, पाठीला आधार आणि पाय मागे घ्यायला जागा द्यावी. सावलीत उभ्या विजेच्या गाडीत एसी चालू ठेवायला तासाला एक-दीड युनिट लागते. ९० युनिटांच्या बॅटरीत त्याची काय मातब्बरी! डबा ठेवायला सपाट जागा, पाण्याची लिटरची बाटली बसेल असा कप्पा आणि मागचे दिवे न लावता पुढे वाचता येईल असा दिवा, हेही आलिशान गाडीच्या यादीत आले पाहिजे. दमलेला चालक ब्रेक झटक्याने मारतो, आणि तो झटका मागच्या सीटवरच पोहोचतो.

आपणांस विनंती अशी की यापुढे अशा गाडीचे छायाचित्र छापताना त्याखाली निर्मात्याकडून काही आकडे मागवून घ्यावेत: मागच्या सीटचा जमिनीपासूनचा एच-पॉइंट, टाच ते खुबा अंतर, डोक्यावरची जागा, माणसे बसल्यावरची तळाची उंची, टायरच्या भिंतीचे मिलिमीटर, चाकाला वर सरकायला असलेली मोकळीक, आणि मागची सीट पूर्ण मागे असताना चालकाच्या गुडघ्यांपुढे किती जागा उरते. जागा कमी असेल तर पहिले चार आकडे गाळा. चालकाचा मात्र छापा.

आपले,
मोटारींच्या सीट व अंतर्भागाचे आराखडे करणारे काही अभियंते,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा